जिना कुणी झाडायचा? भाडेकरू पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

पुस्तिकेचं काम आजपासून सुरू. विषय नेमका आहे. भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, पण मालकाच्या आवारात जे जे असतं, म्हणजे जिना, पॅसेज, चौक, सामायिक संडास, पाण्याची टाकी, गच्ची, गटार, त्याच्या स्वच्छतेकडे मालकाने पाठ फिरवली तर भाडेकरूने काय करायचं? भाडेवाढ, अनामत रक्कम, घर खाली करण्याची धमकी यांवर मराठीत थोडंफार लिहिलेलं सापडतं. घाणीवर फारसं काही नाही. आमच्या भाडेकरू मदत केंद्रावर मात्र पावसाळा तोंडावर आला की हीच तक्रार घेऊन माणसं येतात.

आम्ही तिघं आहोत. मी लिहिणार, वकील मैत्रीण कायद्याची बाजू तपासणार, आणि आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले काका कार्यालयात कागद खरोखर कसा फिरतो ते सांगणार. पुस्तिका महाराष्ट्रापुरतीच ठेवली आहे, कारण भाड्याचा कायदा राज्यागणिक बदलतो. मुख्य आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

नुसतं टेबलावर बसून लिहायचं नाही, एक इमारत घ्यायची आणि तिथल्या भाडेकरूंबरोबर प्रत्येक पायरी चालून बघायची, असं ठरलं. जुन्या भागातल्या एका दुमजली चाळीने होकार दिला. मालक परगावी राहतात. भाडं न्यायला महिन्याला एक वसुलीवाले येतात.

८ जून

चाळीत गेलो. वरच्या मजल्यावरच्या आजींनी पहिलं वाक्य टाकलं, "बाळा, घाण बघायला आलात की काढायला?" दोन्हीसाठी, असं सांगितलं.

जे दिसलं ते लिहून ठेवतो. जिन्याच्या वळणावर कचऱ्याचा ढीग. तिथला दिवा बंद. मागच्या भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप पहिल्या मजल्याच्या खाली तुटलेला, त्यामुळे मोरीचं पाणी भिंतीवरून ओघळत चौकात येतं आणि शेवाळ धरतं. सामायिक संडास चार. त्यातल्या दोघांची दारं खालून कुजलेली, एकाला कडी नाही. संडासामागचं चेंबरचं झाकण फुटलंय, वर एक फरशी टाकून ठेवली आहे. गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही. पूर्वी एक सफाईवाल्या मावशी रोज यायच्या, जिना आणि संडास धुवायच्या. त्यांचा पगार मालक द्यायचे. तो थांबला, मावशी थांबल्या.

भाडेकरूंनी मालकाला सांगितलं नाही असं नाही. वसुलीवाल्यांना दर महिन्याला सांगतात. ते "सांगतो मालकांना" म्हणतात. कागदावर मात्र आजवर एक ओळ नाही.

९ जून

काल घरी येऊन सगळं एकाखाली एक मांडलं तेव्हा पुस्तिकेचा कणा सापडला असं वाटतं. लोक येतात ते "घाण आहे हो" म्हणत. पण कायद्याच्या दृष्टीने त्या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि तिघींचे दरवाजे वेगळे.

तुटलेला पाइप, कुजलेलं दार, फुटलेलं झाकण ही दुरुस्ती. मावशींचं येणं बंद झालं, जिन्यातला दिवा गेला, ही मिळत असलेली सेवा बंद पडणं. आणि साचलेला कचरा, उघडी टाकी, वाहतं मैलापाणी हा सार्वजनिक आरोग्याचा धोका. पहिल्यासाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४, दुसऱ्यासाठी त्याचंच कलम २९, तिसऱ्यासाठी महापालिका. सगळ्याचं मिळून एकच रागाचं पत्र लिहिलं की ते कुठल्याच दरवाज्यातून आत जात नाही. मालक म्हणतो भाडेकरूच घाण करतात, महापालिका म्हणते खासगी आवार आहे, आणि वकील म्हणतो नेमकं काय मागायचंय ते सांगा.

भाडेकरूंच्या हातात द्यायचा तक्ता त्यामुळे तीन रकान्यांचा. प्रत्येक घाणीपुढे आधी विचारायचं: काही मोडलंय का? काही मिळत होतं ते थांबलंय का? यातून कुणी आजारी पडेल का? एकाच गोष्टीपुढे दोन खुणा आल्या तरी चालेल. तुटलेल्या पाइपाच्या बाबतीत येतीलच.

१४ जून

कलम २९ वर आज बराच वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला.

हे कलम सांगतं की भाडेकरूला मिळत असलेला आवश्यक पुरवठा किंवा सेवा मालकाने पुरेशा कारणाशिवाय तोडायची वा रोखून धरायची नाही. बहुतेकांना ते पाणी आणि विजेपुरतं माहीत आहे. पण स्पष्टीकरणात आवश्यक सेवेमध्ये पाणी, वीज, पॅसेजमधले आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट, आणि सफाई व मलनिःसारणाची सेवा इतकं सगळं येतं. जिन्यातला दिवा कायद्यात नाव घेऊन आला आहे हे चाळीतल्या बायकांना सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. रात्री संडासला जाताना तो अंधार त्यांना रोज ओलांडावा लागतो, मुलींना सोबत घेऊनच खाली उतरावं लागतं. मागणीला कायद्याचा आधार आहे हे कळल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

मैत्रिणीने एका शब्दावर बोट ठेवलं: सेवा भाडेकरू "उपभोगत" असला पाहिजे. जी सेवा कधी नव्हतीच ती या कलमाखाली मागता येत नाही. होती आणि थांबली, हे दाखवावं लागतं. मग पुरावा काय? सफाईच्या पगाराची पावती कुणाकडे असणार?

आजींनी कपाटातून एक स्टीलचा डबा काढला. त्यात त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासूनच्या भाडेपावत्या, दोऱ्याने बांधलेल्या. जुन्या पावत्यांवर भाड्याच्या रकमेखाली वेगळी ओळ छापलेली आहे, "सफाई व दिवाबत्ती", आणि पुढे शाईने आकडा. अलीकडच्या पावत्यांत ती ओळ गेली, एकूण रक्कम मात्र कमी झाली नाही. यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा? सगळ्या पावत्यांचे फोटो घेतले, मूळ प्रती आजींच्याच डब्यात ठेवल्या. मावशींचाही पत्ता लागला. त्या कधीपासून कधीपर्यंत येत होत्या आणि पैसे कोण देत होतं, हे लिहून द्यायला तयार आहेत.

पुस्तिकेत ठळक घ्यायचं: भाड्याची लेखी पावती हा भाडेकरूचा हक्क आहे (कलम २६). पैसे रोख देत असाल तर पावतीशिवाय देऊ नका, आणि जुनी पावती रद्दीत टाकू नका.

२० जून

पावसाने पाइपाचा प्रश्न आपसूक पुढे आणला. पाणी आता तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंतीतून आत झिरपतंय.

कलम १४: विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्याजोग्या, दुरुस्त स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक. "जागा" म्हणजे चार भिंतींची खोलीच नव्हे. व्याख्येत इमारतीला जोडून असलेलं आवारही येतं. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने, एकट्याने किंवा सर्वांनी मिळून, किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर रास्त मुदतीत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात किंवा मालकाकडून वसूल करू शकतात. खर्चावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज धरता येतं. हिशेब आणि व्हाउचर भाडेकरूंनी नीट ठेवली तर तीच खर्चाचा निर्णायक पुरावा ठरतात. खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात.

इथपर्यंत वाचून माणूस खूश होतो. पुढची अट मात्र मोठ्या अक्षरात छापायला हवी: एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

उदाहरण मांडून बघितलं. महिना १५० रुपये भाडं असेल तर वर्षाचं १,८००, त्याचा चौथा हिस्सा ४५०. असे बारा भाडेकरू एकत्र आले तरी वर्षाला ५,४०० रुपयेच वळते होणार. पाइप बदलणं त्यात कसंबसं बसेल, संडासांची दारं आणि चेंबर बसणार नाहीत. उरलेलं पुढच्या वर्षांवर ढकलावं लागतं. हेच महिना ८,००० भाड्याच्या घराला लावलं तर वर्षाचे २४,००० होतात आणि कलम एकदम दमदार दिसतं. म्हणजे जुन्या, कमी भाड्याच्या चाळींत, जिथे पडझड सर्वांत जास्त, तिथेच हा उपाय सर्वांत तोकडा पडतो. हे लपवून पुस्तिका लिहायची नाही. छोट्या, तातडीच्या दुरुस्तीला हे कलम उत्तम. मोठ्या कामाला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

(मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्येही नोटिशीनंतर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापण्याची सोय आहे. ज्या भाडेपट्ट्यांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी ती तळटीप.)

२४ जून

नोटीस आज गेली. भाषा मुद्दाम साधी आणि कोरडी ठेवली. पहिल्या मसुद्यात भाडेकरूंना "आपल्या अक्षम्य दुर्लक्षामुळे" वगैरे हवं होतं. काकांनी ते काढायला लावलं. त्यांचं म्हणणं, विशेषणांनी काम होत नाही, मोजमापाने होतं. मग असं झालं: "इमारतीच्या मागील पश्चिम भिंतीवरील सांडपाण्याचा उभा पाइप पहिल्या मजल्याच्या पातळीखाली तुटला असून त्याचे पाणी तळमजल्यावरील खोलीच्या भिंतीत मुरत आहे. फोटो सोबत जोडला आहे." त्याखाली प्रत्येक दुरुस्ती अशीच, स्वतंत्र क्रमांकाने. मग बंद पडलेली सेवा. शेवटी, पंधरा दिवसांनंतर काम न झाल्यास कलम १४ प्रमाणे आम्ही करून घेऊ आणि कलम २९ प्रमाणे न्यायालयात जाण्याचा हक्क राखून ठेवत आहोत, एवढंच.

सगळ्यांच्या सह्या. पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने मालकांच्या पत्त्यावर, एक प्रत वसुलीवाल्यांना हातात देऊन दुसरीवर त्यांची सही. व्हॉट्सॲपवरही टाकली, पण व्हॉट्सॲपवरच विसंबायचं नाही.

१ जुलै

आजपासून नवे फौजदारी कायदे लागू, म्हणून एक पान बदलावं लागलं. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून मिळवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आली. अर्जावर नवा क्रमांक हवा.

हे कलम पुस्तिकेत घ्यायचं की नाही यावर चर्चा झाली. मैत्रिणीचं मत सावध आहे: उपद्रव सार्वजनिक असला पाहिजे, एका खोलीपुरता त्रास यात बसत नाही. पण चाळीचं मैलापाणी बोळात उतरून येणाऱ्याजाणाऱ्यांना त्रास होत असेल तर बसतो. मी ते ठेवलं, आणि का ठेवलं ते सांगतो. १९८० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा रतलाम नगरपालिकेचा निकाल. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांच्या आणि मैल्याच्या त्रासाविरुद्ध याच कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. नगरपालिकेने पैसे नाहीत असं सांगितलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने ती सबब मान्य केली नाही. निकाल नगरपालिकेविरुद्धचा आहे, घरमालकाविरुद्धचा नाही, ते स्पष्ट लिहिलं आहे. पण साध्या रहिवाशांनी सुरू केलेली गोष्ट कुठवर गेली हे भाडेकरूंना माहीत असायला हवं.

६ जुलै

महापालिकेचा रकाना. काकांबरोबर क्षेत्रीय कार्यालयात.

त्यांची शिकवण शब्दशः उतरवतो: "अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का नाही तर अर्ज नाही." दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली आणि ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. महापालिकेची नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे जागेत राहणाऱ्याला, निघू शकते. निरीक्षक आवारात येतो, समोर भाडेकरू दिसतात, मालक परगावी. नोटीस भाडेकरूंच्याच हातात पडते. म्हणून तक्रारीतच मालकाचं नाव, पत्ता आणि मालमत्ता कराच्या बिलावरचा क्रमांक द्यायचा, आणि सामायिक जागेचा ताबा मालकाकडे असल्याचं लिहायचं.

डासांबाबत वेगळा अर्ज. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे या चाळीत खरा धोका कचऱ्याच्या ढिगापेक्षा गच्चीवरच्या उघड्या टाकीत आहे. टाकी रिकामी करून भागत नाही, कडा ब्रशने घासाव्या लागतात, कारण अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन् महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. टाकीला घट्ट झाकण ही मालकाची जबाबदारी. खोलीतल्या बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या भाडेकरूंच्या. कचऱ्याचंही तसंच: घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कचरा वेगवेगळा करून देणं ही प्रत्येक घराची जबाबदारी. ढीग जिन्याच्या वळणावर होतो तो मालकाने टाकलेला नसतो. मावशी थांबल्या म्हणून ढीग साचला हे खरं, पण घंटागाडीपर्यंत पिशवी नेणं आपल्याच हातात आहे. आजींनी त्याच संध्याकाळी चाळीत बैठक घेऊन ते ठरवूनही टाकलं. यामुळे मालकाचा "तुम्हीच घाण करता" हा मुद्दाही निघून जातो.

१३ जुलै

नोटिशीची मुदत संपली. मालक स्वतः आले.

माणूस वाईट नाही. आजोबांनी बांधलेली इमारत, भाडी जुन्या काळातली. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, तीही शे-दीडशे रुपयांवर. सफाईचा पगार एकूण भाड्यातून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि आकडे बघता ते खोटं नाही. तरीही जबाबदारी कायद्याने त्यांची आहे आणि एकूण भाड्यात ते ती रक्कम अजूनही घेत आहेत, हे मैत्रिणीने शांतपणे पुढे ठेवलं. जुन्या पावत्यांचे फोटो बघून ते गप्प झाले.

ठरलं ते असं. पाइप आणि दिवा मालक महिनाअखेरपर्यंत करणार. टाकीचं झाकण लगेच. संडासांची दारं भाडेकरूंनी करून घ्यायची, व्हाउचर ठेवायची, रक्कम कलम १४ च्या मर्यादेत भाड्यातून वळती. सफाईवर एकमत झालं नाही. तोवर भाडेकरूंनी वर्गणी काढून मावशींना बोलवायचं, पण "हक्क अबाधित ठेवून" असं लिहून, म्हणजे उद्या "तुम्ही स्वतःच करत होतात" असं म्हणायला जागा राहणार नाही. बैठकीचं टिपण त्याच जागी लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

१९ जुलै

आजची नोंद लांब होणार, आणि पुस्तिकेतलं हे प्रकरण मी सर्वांत पुढे नेणार आहे.

चेंबर तुंबलं. मैला चौकात आला. वास असा की वरच्या मजल्यावर खिडक्या लावून बसावं लागलं. कुणीतरी एका माणसाला घेऊन आलं. हातात बांबू आणि बादली, पायात चप्पल. फरशी बाजूला केली, आत कमरेएवढं काळं पाणी, वर बुडबुडे. तो गंजी काढून उतरायच्या तयारीत होता. दर ठरला होता, घासाघीसही झाली होती. काका धावत पुढे झाले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. "उतरायचं नाही. कुणीच उतरायचं नाही."

अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच मरते आणि वास येत नाही, म्हणून माणसाला वाटतं की आता ठीक आहे. दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही.

कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध आणि पुनर्वसन करणारा २०१३ चा अधिनियम संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला मनाई करतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मनाई सगळ्यांनाच आहे, फक्त महापालिकेला किंवा ठेकेदाराला नव्हे. मालकाने नाही केलं म्हणून भाडेकरूंनी वर्गणी काढून माणूस उतरवला तर उतरवणारे भाडेकरू. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पैशाने माणूस परत येत नाही, आणि उतरणारा कोणत्या वस्तीतून येतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

महापालिकेची मैला उपसणारी सक्शन गाडी दुपारनंतर आली. बोळ अरुंद, गाडी आत येईना, पाइपाची लांबी जोडत आणावी लागली. तासाभरात चेंबर रिकामं झालं. तळाशी काय निघालं तर कापडाचे बोळे, सॅनिटरी पॅड आणि एक प्लास्टिकचा मग. त्या माणसाला भाडेकरूंनी ठरलेले पैसे दिले. त्याचा दिवस बुडू नये.

पुस्तिकेत पहिल्याच पानावर जाईल: चेंबर किंवा टाकी तुंबली तर यंत्र मागवा, माणूस उतरवू नका, कितीही घाई असली तरी. आपल्या स्वच्छतेचा हक्क आपण दुसऱ्याच्या जिवावर वसूल करायचा नाही.

२ ऑगस्ट

पाइप झाला. दिवा लागला.

पुस्तिकेचा दुसरा भाग: चाळीबाहेरचे भाडेकरू. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, त्यामुळे १४ आणि २९ ही कलमं त्याच्या हातात तशी येत नाहीत. त्याचं शस्त्र म्हणजे करार. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची (कलम ५५). तसा नसेल तर, उलट सिद्ध होत नाही तोवर, अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणून करार करतानाच एक कलम घालून घ्यायचं: सामायिक जागेची सफाई कोण करणार, खर्च कुणाचा, किती दिवसांत दुरुस्ती. सही झाल्यावर ते घालून मिळत नाही.

सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये जिना आणि आवार सोसायटीचं. राहणारा सभासद नसतो, म्हणून सभेत बोलू शकत नाही. तक्रार लेखी मालकाकडे आणि प्रत सचिवांकडे. महापालिकेचा दरवाजा मात्र सगळ्यांना सारखा उघडा आहे.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याबद्दल लोक विचारतात. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच चालतो. आदर्श कायद्याच्या अनुसूचीत मात्र नाल्यांची साफसफाई भाडेकरूकडे आणि पाइप बदलणं मालकाकडे टाकलं आहे, हे करार लिहिताना बघायला उपयोगी.

११ ऑगस्ट

केंद्रावर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य: "भाडंच बंद करतो, मग बघ कसा येतो ताळ्यावर." आज त्यावर पान लिहिलं, आणि ठामपणे लिहिलं: करू नका.

भाडं थकलं की लढाईची दिशा उलटते. आतापर्यंत मालक कसूरदार होता, आता तुम्ही. कायदा थकबाकीदारालाही सवड देतो: मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, नव्वद दिवस थांबावं लागतं, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याजासह सगळं भरलं तर ताबा जात नाही (कलम १५). पण ही सवड चुकून अडचणीत आलेल्यासाठी आहे, मुद्दाम ओढवून घेण्यासाठी नव्हे. कलम १४ प्रमाणे, नोटीस देऊन, व्हाउचरसह, मर्यादेत वळती केलेली रक्कम ही वेगळी गोष्ट. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा, परत आलेली पावती जपा.

२४ ऑगस्ट

सफाईवर मालकांचं उत्तर आलं नाही. कलम २९ चा अर्ज तयार. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात जातो. आमच्यासारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालय नसेल तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकालाआधीही सेवा सुरू करण्याचा आदेश मिळू शकतो. आजींच्या पावत्या, मावशींचं प्रतिज्ञापत्र, बैठकीचं टिपण, "हक्क अबाधित ठेवून" दिलेल्या वर्गणीची वही, सगळं क्रमाने लावलं.

वकिलाच्या फीची भीती असणाऱ्यांसाठी: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि इतर काही घटकांना मोफत वकील मिळतो, आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. या चाळीतला अर्ज आजींच्या नावाने करण्याचं हेही एक कारण. दुसरं कारण त्यांनीच दिलं: "डबा माझा आहे, मग सहीही माझीच."

महापालिकेच्या अर्जावर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात विचारलं आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत.

१५ सप्टेंबर

अर्ज दाखल होऊन मालकांना नोटीस लागली, आणि तारखेआधीच त्यांचे वकील बोलायला तयार झाले. मावशींचा पगार मालक पुन्हा देणार, पावतीवर "सफाई व दिवाबत्ती" ही ओळ पुन्हा छापणार. न्यायालयात तसं लेखी दिल्यावरच अर्ज मागे घ्यायचा, त्याआधी नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये.

संडासांच्या दारांचा हिशेब पूर्ण झाला. या वर्षीची वळती रक्कम प्रत्येकाच्या पावतीवर मालकांनी मान्य म्हणून लिहून दिली. उरलेली पुढच्या वर्षी. चेंबरला लोखंडी झाकण बसलं.

पुस्तिकेचा मसुदा छपाईआधी आणखी दोन इमारतींत वाचून दाखवायचा आहे, त्यातली एक सोसायटीतली. नोटिशीचा नमुना स्वतंत्र पानावर, फाडून वापरता येईल असा. सक्शन गाडीसाठी महापालिकेचा क्रमांक प्रत्येक शहराचा वेगळा, म्हणून तिथे कोरी ओळ ठेवली आहे. ज्याने त्याने आपल्या शहराचा भरायचा. अक्षर मोठं ठेवा, असं आजींनी बजावलं आहे.